सिंगापूर ते क्वालालंपूर विमान: अंतर ३०० किमी, तिकिटावर सव्वा तास, हिशोबात अर्धा दिवस

विमान चांगलंय, वेळेवर सुटलं तर बोलायला जागाच नाही, खरं "तासाभरात क्वालालंपूर" असं जे कोण तुम्हाला सांगतंय ना ते फक्त हवेतलं सांगतंय, बाकीचे चार-पाच तास कुठं गेले ते तुमचं तुम्ही बघायचं. आमच्या बेळगावातनं सिंगापूर-मलेशिया जोडून जाणारे आता भरपूर झालेत, कोण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जातंय, कोणाला विम्याचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून कंपनी नेतीय, आमच्यासारखे उद्यमबागवाले (बेळगावातली कारखान्यांची वसाहत) मशीनचं प्रदर्शन बघायला जातात. आणि जायच्या आधी सगळ्यांचा प्रश्न एकच, मधला टप्पा विमानानं करू का बसनं? म्हणून हा रिव्ह्यू त्या एका टप्प्याचाच, आख्ख्या टूरचा नाही, युनिव्हर्सलच्या राईड आणि पेट्रोनास टॉवरचे फोटो तुम्हाला दुसरीकडं ढीगभर मिळतील.

सोबत आमचे पार्टनर होते, त्यांना सगळं उद्यमबाग काकाच म्हणतं. काकांचं पहिल्यापासून म्हणणं, "बसनं जाऊया की गा, देश तर बघायला मिळतोय, वरनं काय ढग बघायचे?" खरं दुसऱ्या दिवशी सकाळी धंद्यातल्या पार्टीला भेटायचं ठरलेलं, बॉर्डरला बस अडकली तर काय करायचं म्हणून विमानच काढलं.

आता अंतर. सिंगापूरचा चांगी विमानतळ ते क्वालालंपूरचा केएलआयए विमानतळ, आकाशातनं सरळ रेघ मारली तर साधारण २९८ किमी भरतंय, पायलट लोकांच्या भाषेत १६० सागरी मैल, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. रस्त्यानं शहर ते शहर ३५० च्या आसपास. म्हणजे आपण बेळगावातनं हायवेला लागून निपाणी, कोल्हापूर, सातारा करत पुण्याला जातो जवळपास तेवढंच, जास्त काही नाही. एवढ्याशा अंतराला विमान कशाला असं वाटतंय ना, खरं ही जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गांतली एक लाईन आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत विमानं चालूच असतात, एक चुकलं तर दुसरं मिळतंय (पैसे मोजायची तयारी पाहिजे तेवढी).

नेटवर दोन विमानतळ टाकले की अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साईटी आहेत. त्यांचं अंतर बरोबर असतंय, वेळेवर मात्र जाऊ नका. काही साईटी ३०० किमीला ताशी ८०० च्या स्पीडनं भागून २२ मिनिटं दाखवतात, काही त्यात चढण्या-उतरण्याचा वरचा अर्धा तास मिळवून ५२ मिनिटं म्हणतात, विमान कंपनी म्हणतीय एक तास दहा, कोण एक तास वीस. मग खरं कोणाचं? सगळ्यांचंच, प्रत्येकजण वेगवेगळं मोजतोय एवढंच. तिकिटावरची वेळ ही इकडच्या गेटवरनं विमान मागं ढकलल्यापासून ते तिकडच्या गेटला लागेपर्यंतची असतीय. त्यात चांगीला धावपट्टीपर्यंत सावकाश चालत जाणं आलं, पुढं चार विमानं उभी असतील तर ती रांग आली, तिकडं केएलआयएला तीन धावपट्ट्या आहेत, त्यातली लांबची मिळाली तर उतरल्यावर परत गल्लीबोळ हिंडल्यासारखं हिंडणं आलं. प्रत्यक्ष हवेत आम्ही पाऊण तासाच्या आतच होतो. आणि त्या पाऊण तासातही विमान ८०० च्या स्पीडला असं किती वेळ असणार, अर्धा वेळ चढण्यात आणि उरलेला उतरण्यात, ३५-३६ हजार फुटांवर जाऊन निवांत पळायला जागाच नाही ह्या अंतरात. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर जॉब लहान असला की कटिंगला पाच मिनिटं आणि सेटिंगला दोन तास, तसा प्रकार.

हे नीट कळायला बँकॉक-सिंगापूर बघा. ते अंतर १४०० किमीच्या वर आहे, म्हणजे क्वालालंपूरच्या पावणेपाच पट, आणि तिकिटावरचा वेळ साधारण दोन तास पंचवीस मिनिटं, म्हणजे जेमतेम दुप्पट. त्या लाईनला विमानाला पर्यायच नाही, ट्रेन-बसनं जायचं म्हटलं तर दोन दिवस मोडतात. अंतर जेवढं वाढेल तेवढं विमान परवडतं, पैशात नाही, वेळेत म्हणतोय मी.

बँकॉकचा विषय निघालाच तर तिथं एक गंमत आहे ती सांगतो, कारण आमच्या ओळखीतले एकजण तिकीट बघून एजंटशी भांडायला निघाले होते. बँकॉकहून दहाला सुटतंय आणि सिंगापूरला दीडला पोचतंय, साडेतीन तास! आणि परत येताना दीड तासात येतंय. जाताना लांबचा रस्ता आणि येताना शॉर्टकट असं काही नसतंय हो, थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं आहे, तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, जाताना एक तास वाढतो, येताना तोच तास कमी होतो. आपलं घड्याळ सिंगापूर-मलेशियाच्या अडीच तास मागं. बेंगलोरहून रात्री अकराला बसलात आणि सकाळी सहाला उतरलात तर झोप सात तासांची नाही, साडेचार तासांचीच झालेली असते, त्या हिशोबानं पहिल्या दिवशी काय काय ठेवायचं ते ठरवा, म्हाताऱ्या माणसांना घेऊन लगेच हिंडायला बाहेर पडू नका. सिंगापूर ते क्वालालंपूर मात्र दोन्हीकडं घड्याळ एकच, १ जानेवारी १९८२ पासून दोघांनीही एकदमच पुढं करून घेतलंय. नकाशात बघितलं तर क्वालालंपूर जवळजवळ बँकॉकच्या सरळ खाली आहे, तरी घड्याळ एक तास पुढं, म्हणून तिथं सकाळचे सात वाजले तरी नीट उजाडलेलं नसतं. काका पहाटे उठून फिरायला जाणारे, रोज अंधारातच परत येत होते.

आता आमचा दिवस कसा गेला ते. हॉटेल लिटल इंडियात होतं, टॅक्सीनं चांगी अर्ध्या तासात आलं, शहरातनं वीसेक किलोमीटर, एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, जायचं असेल तर मधे गाडी बदलायला लागते आणि पाऊण-एक तास धरायचा, खरं एकदम स्वस्त. विमान सव्वानऊचं, हॉटेल सोडलं साडेसहाला. चांगीची तारीफ सगळे करतात, मी वेगळं काय करणार, साफसफाई अशी की काका चप्पल बघत होते मळकी आहे काय म्हणून. तो मोठा धबधबा आहे ना ज्वेल नावाच्या मॉलमधला, ४० मीटरचा, तो चेक-इनच्या बाहेरच्या बाजूला आहे, टर्मिनल १ ला लागून, एकदा इमिग्रेशन करून आत गेलात की बघता येत नाही, म्हणून बघायचा असेल तर बॅगा देऊन आधी तिकडं जा. अजून एक, टर्मिनल १, २, ३ ला सामानाची तपासणी एकदम गेटवर असते, आपल्यासारखी सुरुवातीलाच नाही. लोक निवांत दुकानं बघत बसतात आणि गेटला येऊन बघतात तर मोठी रांग. टर्मिनल ४ बाकीच्यांपासून वेगळं आहे, तिथं बसनं जायला लागतं, ते तिकिटावर आधीच बघून ठेवा.

आमच्या केबिन बॅगेत सॅम्पल होतं, पार्टीला दाखवायला आणलेली वॉल्व बॉडी, कास्टिंगचा चांगला तीन किलोचा तुकडा आणि त्यात भोकंच भोकं. एक्सरेमध्ये ते बघून तिथल्या बाईनं बॅग बाजूला घेतली, सॅम्पल बाहेर काढलं, हातात घेऊन फिरवलं, एका पोर्टमधनं दिव्याकडं धरून बघितलं, दुसऱ्या पोर्टवर बोट ठेवलं, मग कसली तरी पट्टी फिरवून मशीनला लावली. काकांनी तेवढ्यात आपलं इंग्लिश चालू केलं, "मॅडम, ओन्ली ऑईल गोइंग, नथिंग एल्स." ती हसली, सॅम्पल परत कागदात जसंच्या तसं गुंडाळून दिलं, आमच्या पॅकिंगवाल्यापेक्षा बरं गुंडाळलं म्हणायला पाहिजे. ह्या सगळ्याला पाच मिनिटं गेली, कुठं आवाज चढवणं नाही काही नाही. तुम्ही पण उद्योगवाले असाल आणि सॅम्पल नेत असाल तर ड्रॉइंगची एक प्रिंट आणि कंपनीच्या लेटरहेडवर दोन ओळी सोबत ठेवा, आणि जमलं तर खालच्या बॅगेत टाका.

तक्रार आहे ती विमान कंपनीबद्दल, नाव लिहीत बसत नाही, स्वस्तातल्या सगळ्यांचं थोड्याफार फरकानं असंच असतंय. सात किलोची केबिन बॅग म्हणजे सातच, गेटजवळ काटा घेऊन उभे होते, तीन किलोचं सॅम्पल आणि वर कुंद्याचा डबा, काटा नऊच्या पुढं गेला. तिथं गेटवर जे पैसे घेतले तेवढ्यात आधी ऑनलाईन १५ किलो आरामात मिळालं असतं. तिकीट स्वस्त दिसतं, मग बॅग, मग सीट, मग खाणं, असं करत करत पूर्ण सेवा देणाऱ्या कंपनीच्या तिकिटाजवळ जाऊन पोचतं, म्हणून दोन्ही बेरजा करूनच ठरवा. आणि दुसरं, विमान पन्नास मिनिटं लेट. येणारं विमानच उशिरा आलं, ह्या कंपन्या एकच विमान दिवसभर इकडून तिकडं पळवतात, सकाळी कुठं पंधरा मिनिटं गेली की दुपारपर्यंत त्याचा तास होतो. सव्वा तासाच्या प्रवासाला पन्नास मिनिटं लेट म्हणजे काय हो, आणि सांगणार कोण, बोर्डावर नुसती वेळ बदलत होती. म्हणून सांगतो, ह्या लाईनला सकाळचं पहिलं विमान घ्या, ते रात्रीच येऊन उभं असण्याची शक्यता जास्त.

हवेतला भाग मात्र एक नंबर. खिडकीला बसा. सुटल्या सुटल्या खाली सिंगापूरच्या समुद्रात जहाजं उभी असतात, एक नाही दोन नाही, नजर जाईल तिथपर्यंत. थोड्या वेळानं ढग, आणि ढगातनं खाली आलं की सगळीकडं तेलताडाची शेती, एकसारख्या ओळी, आपल्याकडच्या उसासारखं दाट खरं वरनं बघितलं तर प्रत्येक झाड वेगळं मोजता येतंय. सेपांगला केएलआयए आहे तो त्या ताडांच्या मधेच. पट्टा बांधायचा दिवा विझला, गाडी घेऊन पोरी आल्या, काकांनी चहाचे पैसे दिले, चहा गार व्हायची वाट बघेपर्यंत परत पट्टा बांधायला सांगितलं. काका म्हणाले, "मर्दा, चहा पिऊ द्या तरी!" त्या पोरीला काय कळलं कुणास ठाऊक, तिनं कप घेतला आणि थँक्यू म्हणाली.

उतरल्यावर खरा वेळ चालू होतो. केएलआयए १९९८ ला सुरू झाला, त्याच्या आधी सगळं सुबांगहून चालायचं, ते गावाच्या जवळ होतं. हा शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे बेळगावातनं संकेश्वर गाठल्यासारखं. आपलं सांबरा बघून विमानतळ म्हणजे दहा किलोमीटर एवढीच सवय असते ना, इथं हिशोब चुकतो. केएल सेंट्रल ह्या शहरातल्या मेन स्टेशनपर्यंत केएलआयए एक्सप्रेस ट्रेन आहे, टर्मिनल १ वरनं २८ मिनिटं, टर्मिनल २ वरनं ३३, एका माणसाला ५५ रिंगिट, रिंगिटला वीसेक रुपये धरा. ट्रेन झकास आहे, एकटा-दुकटा माणूस असेल तर तीच घ्या, चौघं असाल तर ॲपवरनं टॅक्सी स्वस्त पडते, खरं ऑफिसच्या वेळेला ट्रॅफिकमध्ये अडकायची तयारी ठेवा. इमिग्रेशन, बॅग, ट्रेन करून आम्ही केएल सेंट्रलला बॅगा ओढत बाहेर आलो तेव्हा एक वाजत आलेला. साडेसहा ते एक, त्यातला हवेतला पाऊण तास. लेट झालं नसतं तर बाराला आलो असतो.

आणि बस? साधारण पाच-सहा तास, बॉर्डर मोकळी असली तर. सीट आपल्या स्लीपरपेक्षा मोठ्या, एका ओळीला तीनच, पाय लांब करून झोपता येतं, भाडं विमानाच्या कितीतरी कमी, आणि शहरातनं बसून शहरात उतरायचं. त्रास एकच, बॉर्डरला दोनदा उतरायचं, एकदा सिंगापूर सोडताना शिक्का, मग १९२४ चा तो जुना कॉजवे, म्हणजे समुद्रातला भरावाचा पूल, ओलांडून मलेशियातल्या जोहोर बाहरूला परत उतरायचं, तिथं सगळ्या बॅगा घेऊन. गुडघेदुखीवाल्यांना ते जिने आणि ती धावपळ नको होते, बस थांबते खरं फार वेळ थांबत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी त्या पुलावर जी गर्दी असते ती बघून आपला चोर्ला घाटातला रविवार बरा म्हणाल. तुआसकडनं दुसरा पूल आहे १९९८ चा, काही बसा तिकडनं नेतात, विचारून घ्या. मधल्या दिवशी, सकाळी लवकर, हातात एकच बॅग असेल तर मी बसला पाच पैकी चार देतो आणि विमानाला साडेतीन. वयस्क माणसं, लहान पोरं किंवा वीकेंड असेल तर उलटं.

ह्या दोन शहरांमधे बुलेट ट्रेन होणार होती, ३५० किमी नव्वद मिनिटांत. २०१३ ला जाहीर झाली, करार झाला, आणि ३१ डिसेंबर २०२० ला करारच संपला, दोघांचं जमलं नाही. झाली असती तर विमानाचा हा सगळा खेळच संपला असता, आमचा रिव्ह्यू पण दोन ओळींचा झाला असता. बेळगावकरांना असल्या बातम्या नवीन नाहीत म्हणा, आपल्या रेल्वेची आश्वासनं ऐकत म्हातारी झालेली माणसं आहेत आमच्या गल्लीत.

कागदाचं थोडं. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, आणि तुम्ही सिंगापूर-मलेशिया-परत सिंगापूर असं करणार असाल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येण्याचा आहे काय ते आधी बघा, नाहीतर परतीचं विमान सिंगापूरचं आणि तुम्ही क्वालालंपूरला. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय, खरं जायच्या आधी सध्याचा नियम एकदा तपासा. दोन्ही देशांचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि दोन्ही फुकट असतात. फुकट, लक्षात ठेवा, कारण सर्च केलं की वरतीच पैसे मागणाऱ्या साईटी येतात, सरकारी असल्यासारख्या दिसतात, त्यांच्या नादाला लागू नका.

निपाणीकडच्या मंडळींनी विशेष ऐका, सिंगापूरला खायची तंबाखू, गुटखा आत न्यायला बंदी आहे, एक पुडीसुद्धा चालत नाही, च्युइंगगमपण १९९२ पासून बंद. सिगारेटवर ड्युटी-फ्री सवलत नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करायचं. आमच्या काकांनी बेंगलोरला विमानतळावर शेवटची चिमूट लावली आणि सगळा डबा कचऱ्यात टाकला, तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तिकीट काढायचं असेल तर माझं मत असं, जाताना बेंगलोर-सिंगापूर आणि येताना क्वालालंपूर-बेंगलोर असं काढा, मधला टप्पा एकदाच करायचा, परत सिंगापूरला यायचंच नाही. बेंगलोर-सिंगापूर साधारण ३२०० किमी, क्वालालंपूर-बेंगलोर २९०० च्या आसपास, फरक काही नाही, उलट येताना थोडा वेळ वाचतोच आणि वर व्हिसाची ती भानगड पण राहात नाही. बेळगावहून बेंगलोरला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालात तर सकाळी पोचता, सांबऱ्याहून विमानानं जायचं असेल आणि तिकिटं वेगवेगळी असतील तर मधे भरपूर तास ठेवा, पहिलं लेट झालं तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही. परतीच्या दिवशी क्वालालंपूरला टर्मिनल नंबर मात्र दोनदा वाचा, १ आणि २ मधे दोन किलोमीटर अंतर आहे, मधे तीन मिनिटांची ट्रेन आहे म्हणून चालतंय, खरं सगळ्या बॅगा घेऊन ती ट्रेन शोधत पळायला लागलं तर ती तीन मिनिटं वीस होतात.